फक्त बोलायचं राहिलंय

मठ, २२ फेब्रुवारी २०२३
राखेचा बुधवार

बेसिल,

सकाळी कपाळावर राख लावून घेतली आणि तुझी आठवण आली. या बंद मठात आम्हाला फोन नाही, आणि महिन्यातून मोजकीच पत्रं लिहायची मुभा असते. त्यातलं एक तुझ्यावर खर्च करते आहे. तेव्हा ते ताटाखाली सारून ठेवू नकोस.

ब्रिटनीचं पत्र आलं. तिला जानेवारीत मुलगी झाली, हे रोवेनाने तुला सांगितलंच असेल. दोन वर्षांपूर्वी तिने विघ्नेशशी कोर्टात लग्न केलं आणि तू तुझ्या एकुलत्या एक लेकीला होळी गावातल्या घराच्या फाटकातून परत पाठवलंस. मुलगा हिंदू आहे म्हणून नव्हे, मला न विचारता केलं म्हणून, असं तू तेव्हा लिहिलं होतंस. बरं. आता ती विचारते आहे. तिला लग्नाला चर्चचा आशीर्वाद हवा आहे. बिशपांची परवानगी मिळाली आहे, विघ्नेशच्या घरच्यांची हरकत नाही आणि त्याच दिवशी बाळाचा बाप्तिस्माही करायचा आहे. अडलंय ते एकाच गोष्टीवर. पप्पांनी हात धरून वेदीपर्यंत न्यावं, असं तिच्या मनात आहे.

तोवर तिला ख्रिस्तप्रसाद घ्यायची मुभा नाही, म्हणून ती विरारच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसते आणि कम्युनियनला सगळे उठले तरी जागची हलत नाही. रोवेना लिहिते, तूही हल्ली उठत नाहीस. बाप एका चर्चमध्ये उपाशी, लेक दुसऱ्यात.

ईस्टरच्या आत फादर प्लासिडकडे जा, पापनिवेदन कर आणि मग विरारला जा. मटण सोडलं, दारू सोडली, असं मला कळवू नकोस. ते तुला सोपं आहे.

कार्मिन


होळी, वसई
१९ मार्च २०२३

कार्मिनबाय,

तुझं पत्र रोवेनाने आधी स्वतः वाचलं आणि मग जेवायच्या वेळी माझ्यासमोर ठेवलं. म्हणजे जेवणही गेलं आणि पत्रही गोड लागलं नाही. तू मठात गेलीस तेव्हा आय म्हणाली होती, चला, आता घरात शांतता होईल. तिला टपालाची कल्पना नव्हती.

खरं सांगू? माझ्या मनात काही नाही. राग होता, तो कधी गेला ते मलाच कळलं नाही. रोवेनाने मोबाइलवर पोरीचा फोटो दाखवला. आपल्या आयचा कान आहे ग तिला, पाळी तशीच बाहेर वळलेली. मी म्हणालो, मोठा कर. तिने केला. मी म्हणालो, अजून मोठा कर. मग रोवेना रडायला लागली, म्हणून मी उठून वाडीत पाणी सोडायला गेलो. तिथे केळींमध्ये उभं राहून मीही डोळे पुसले. तेव्हाच माफ केलं मी. फक्त बोलायचं राहिलंय.

पण बोलायचं तर नीट बोलावं ना? फोन लावून ‘हॅलो, माफ केलं’ असं कोण म्हणतं? आणि तूच सांग, उपवासकाळात लग्नाचा आशीर्वाद कुठे देतात? म्हणजे ईस्टरनंतरच. ईस्टरनंतर वालीवच्या गाळ्यात नवीन मशीन येतंय. जुनं मशीन बाटल्यांची बुचं वाकडी काढतं आणि माझा ऑपरेटर शत्रुघ्न दिवसभर ती निवडत बसतो. मशीन एकदा बसलं की मी मोकळा.

कम्युनियनचं म्हणशील, तर लोक रांगेला उठले की मी स्कूटर बघायला बाहेर जातो. माझ्या मनात काय आहे ते देवाला ठाऊक आहे. त्याला घाई नाही. तुलाच आहे.

तुझा,
बेसिल


मठ, ३० एप्रिल २०२३

बेसिल,

ईस्टर झाला. मशीनही बसलं असेल. गेलास?

देवाला घाई नाही हे तू मला शिकवू नकोस, मी त्याच्याच घरात राहते. त्याला घाई नाही कारण त्याला मरायचं नाही. तुला आहे, मला आहे. आणि त्या मुलीलाही दर रविवारी मागच्या बाकावर बसून थोडं थोडं आहे.

मनातल्या मनात माफ केलंस त्याचा तिला काय उपयोग? ती काय तुझ्या छातीत वाकून बघणार आहे? तिला ‘ये’ म्हण. एवढं एकच.

कार्मिन


होळी, वसई
१८ जून २०२३

कार्मिनबाय,

आता खूश हो. फोन केला.

आधी तिला विश्वासच बसेना. मग रडली. मीही जरा हललो, खोटं कशाला बोलू? मागे पोरीचा आवाज येत होता. असं ठरलं की डिसेंबरात करायचं. आता पाऊस तोंडावर आहे, अंगणात मांडव कुठे घालणार? आणि माझ्या लेकीचं लग्न असं चार माणसांत छत्र्या धरून व्हायला नको. डिसेंबरात हवा चांगली असते, मुंबईचे लोकही येतील. मला सूट शिवायचाय, जुना पोटावर बसत नाही. पापनिवेदन त्याच्या आदल्या आठवड्यात करीन, म्हणजे तेही ताजं राहील.

तेव्हा आता माझा पिच्छा सोड आणि गाळ्यासाठी प्रार्थना कर. वालीवला लाइट फार जाते.

बेसिल


मठ, ९ जुलै २०२३

प्रिय ब्रिटनी,

तुझं पत्र मिळालं. आता थांबायचं नाही, पंधरा ऑगस्टला मरियेच्या सणादिवशी पप्पांशिवायच वेदीपुढे उभं राहायचं, असं तू ठरवल्याचं वाचलं. मी तुला ‘कर’ असंच लिहिणार होते, कागदही पुढे घेतला होता. तेवढ्यात बेसिलचं पत्र हाती आलं.

बेटा, तुम्ही दोघं फोनवर बोललात ते कळलं. तू रडलीस, तोही रडला. हे सगळं तुझं पत्र टाकल्यानंतर झालं असणार, म्हणून तू लिहिलं नाहीस. मी चॅपलमध्ये जाऊन गुडघे टेकले आणि बराच वेळ उठवेना. तुझा बाप हट्टी आहे, पण दगड नाही, हे मी सगळ्यांना सांगत आले.

तर आता ऑगस्टची तारीख सोड. डिसेंबरपर्यंत थांब. इतकी थांबलीस, आणखी थोडं. त्याला त्या दिवशी तुझा हात धरू दे. त्यालाही त्याची गरज आहे.

तुझी,
कार्मिनआत्या


विरार, १० सप्टेंबर २०२३

आत्या,

उत्तराला उशीर केला, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं.

तुझं पत्र वाचलं तेव्हा मी किचनमध्येच खाली बसले. पप्पांनी फोन केला? मला वाटलं, मी आंघोळीला गेले असताना वगैरे वाजला असेल आणि विघ्नेशने उचलला असेल. त्याला विचारलं. त्याने सासूबाईंना विचारलं. पप्पा परत करतील म्हणून वाट बघितली, आणि ऑगस्ट सरत आला तेव्हा मम्मीला फोन केला. आधी ती पोरीचंच विचारत राहिली. शेवटी म्हणाली, “अगं, तो फोन हातात घेतो, तुझं नाव काढतो आणि परत ठेवतो. मला वाटतं, त्यालाच वाटलं असेल की केला.”

फोन आला नाही, आत्या. एकदाही नाही.

पण तोपर्यंत मी ऑगस्टची तारीख सोडली होती. तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी फादरांना जाऊन सांगितलं की डिसेंबरात करू, पप्पा येणार आहेत. मी इतकी खुशीत होते की फादर हसले. विघ्नेशने ऑफिसमध्ये काढलेली रजा रद्द केली. मनोरमाआई, माझ्या सासूबाई, बाप्तिस्म्यासाठी पांढरा झगा स्वतः शिवत होत्या. कधी चर्चच्या आत गेलेल्या नाहीत, पण यूट्यूबवर बघून बघून कॉलरला नाजूक लेस लावली. त्यांना सांगितलं, पुढे ढकललंय. त्यांनी झगा सरळ उसवला, कडेला कापड जोडलं आणि मोठा केला. “पोरी भराभर वाढतात,” म्हणाल्या.

मुलीचं बारसं आम्ही केलं, अनुष्का नाव ठेवलं. बाप्तिस्म्याचं नाव पप्पांनी ठेवावं म्हणून रिकामं ठेवलंय.

नाताळपर्यंत थांबते. पण आत्या, माझी श्रद्धा तुझ्यासारखी मजबूत नाही. वापरात नसली की ती गंजते, हे मला कळायला लागलंय. परवा रविवारी पाऊस होता आणि मी चर्चला गेले नाही. मला काहीच वाटलं नाही.

ब्रिटनी


मठ, ८ ऑक्टोबर २०२३

बेसिल,

तू मला खोटं लिहिलंस आणि मी त्या खोट्यावर विसंबून तुझ्या लेकीला थांबवलं. ऑगस्टला ती वेदीपुढे उभी राहणार होती. तिचं पोर आत्तापर्यंत ख्रिस्ताचं झालं असतं. तू नुसता आला नाहीस एवढंच नाही, तर ती जात होती तिलाही माझ्या हातांनी मागे ओढलंस.

तू दुष्ट असतास तर मला सोपं गेलं असतं. दुष्ट माणूस एक दिवस दमतो. तू चांगला आहेस, मनातून माफ केलेला, डोळे पुसणारा, आणि म्हणून तुला कधी काही करायची गरजच वाटत नाही.

मला उत्तर लिहू नकोस. तिच्याकडे जा.

कार्मिन


होळी, वसई
३ डिसेंबर २०२३

कार्मिनबाय,

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहितो. कारण मी गेलो होतो.

परवा गाळ्यातून निघालो तो स्कूटर सरळ विरारच्या रस्त्याला घातली. तिची बिल्डिंग सापडली. वॉचमनने विचारलं, कुठे जायचंय, मी म्हणालो, थांबलोय जरा. तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत दोरीवर लहान कपडे होते, बाहुलीचे असतात तेवढे. एक पिवळा मोजा खाली पडला होता, तो उचलून मी पाइपच्या खिळ्याला अडकवला. हात बघितले तर ग्रीसने काळे. शर्टाला प्लास्टिकचा वास. अशा हातांनी पहिल्यांदा नातीला घ्यायचं? परत आलो. तुला हे हसण्यासारखं वाटेल, पण येताना मी आनंदात होतो. जिना तेवढा चढायचा राहिलाय.

पुढच्या रविवारी रोवेनाला घेऊन जातो. वाडीतला केळीचा घड उतरवून ठेवलाय, तोवर पिकेल. आज चर्चमध्ये मिस्सा आटोपल्यावर फादर प्लासिडलाही भेटलो. म्हणालो, “फादर, शनिवारी पापनिवेदनाला येतो.” ते म्हणाले, “मी आत्ता मोकळा आहे, बस की.” मी म्हणालो, “असं घाईत नको फादर, शनिवारी शांतपणे येतो.” त्यांनी खुर्ची ओढली होती, ती परत सारली.

बघ, आता सगळं लागून आलंय. पोरीचं नावसुद्धा ठरवलंय, पण तुला सांगत नाही. आधी ब्रिटनीला सांगीन.

तुझा,
बेसिल


होळी, वसई
२१ जानेवारी २०२४

कार्मिनबाय,

तुम्हाला कुणी कळवलं का ते मला माहीत नाही, म्हणून मीच लिहिते.

त्या शनिवारी बेसिल फादरांकडे गेला नाही आणि रविवारी आम्ही विरारला गेलो नाही. त्याला खोकला होता. “पोरीला लागेल,” म्हणाला, “नाताळला जाऊ, सगळे घरी असतील.” केळी पिकून काळी पडायला लागली तेव्हा मी शेजारी वाटून टाकली.

नाताळच्या आधी गाळ्यातच तो कोसळला. शत्रुघ्नने आणि बाजूच्या गाळ्यातल्या दोघांनी टेम्पोत घालून हॉस्पिटलला नेला. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. उजवा हात, उजवा पाय गेला. डोळे उघडायचा, बघायचा, पण आवाज नाही. असे बरेच दिवस गेले.

ब्रिटनी कळल्याबरोबर येत होती. आयसीयूत एकालाच सोडत, म्हणून ती बाहेर बसायची. वॉर्डात आणल्यावर ती अनुष्काला घेऊन आली. मी खाली औषध आणायला गेले होते. वर आले तर दारातूनच त्याचा आवाज ऐकू आला. बेसिलचा आवाज! मी हातातली पिशवी घट्ट धरून तिथेच उभी राहिले. मला वाटलं, देवाने ऐकलं. लेकीला बघून वाचा आली.

ब्रिटनी पलंगाशी वाकली होती. “पप्पा, बोला ना परत,” म्हणत होती. “मला ओळखलंत ना?”

तो म्हणाला, “नाय.”

“पप्पा, मी ब्रिटनी.”

“नाय. नाय.”

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिच्याही. ती म्हणाली, “पप्पा, मला माफ केलंत का? एवढंच सांगा.”

तो तिच्याकडे टक लावून बघत होता, कार्मिनबाय. सगळा जोर लावून, मानेच्या शिरा ताणून, स्पष्ट म्हणाला, “नाय.”

मग तिने अनुष्काला पुढे केलं. “हिच्यासाठी तरी.” त्याने डावा हात उचलला, पण तो हातही धड ऐकत नव्हता, पोरीच्या गालावर जोरात बसला. पोर किंचाळली. तो म्हणत राहिला, नाय, नाय, नाय. ब्रिटनीने पोरीला छातीशी धरलं आणि माझ्या बाजूने निघून गेली. मी तिला अडवलं नाही. मलाही तेच वाटलं होतं, की तो बोलला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, तुमचं नाव बेसिल का? नाय. हा पेन आहे का? नाय. आपण हॉस्पिटलमध्ये आहोत का? नाय. चहा हवा? नाय, आणि कपासाठी हात पुढे. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं कळतंय, पण बोलायची जागा मेंदूत मेली. असा एखादाच शब्द कधी कधी उरतो, तोंड तोच देतं. तो शब्द त्यांचा समजू नका.

लिहायचं म्हणाल तर तेही गेलं. डाव्या हातात पेन्सिल दिली, अक्षर उमटत नाही. पोरीचं नाव काय ठरवलं होतं, ते त्याने मलासुद्धा सांगितलं नव्हतं.

रोवेना


मठ, १८ फेब्रुवारी २०२४

प्रिय ब्रिटनी,

रोवेनाकडून सगळं कळलं. डॉक्टर काय म्हणाले ते तुलाही तिने सांगितलं असेल.

तो ‘नाय’ तुझ्या बापाचा नव्हता. त्याचा खरा शब्द मी तुला पाठवते आहे. सोबत त्याचं गेल्या मार्चमधलं पत्र आहे, त्याच्या हाताने लिहिलेलं. तुझ्या मुलीचा कान बघून त्याने काय केलं ते वाच. त्याने तुला केव्हाच माफ केलं होतं. हे पत्र तुझ्याकडेच ठेव. मला आता त्याचा उपयोग नाही.

आणि बेटा, आता तरी कुणासाठी थांबू नकोस. मी तुला एकदा थांबवलं, त्याची टोचणी मला आहे.

कार्मिनआत्या


विरार, २४ मार्च २०२४

आत्या,

आज झावळ्यांचा रविवार. खालून मिरवणूक गेली. मी गॅलरीतून बघितली.

मम्मीने सांगितलं त्यावर माझा विश्वास आहे. डॉक्टरांना मी स्वतः भेटले. तो शब्द पप्पांचा नाही, हे मला पटलं. पण मग त्यांचा कुठला? तो ‘नाय’ काढून घेतला तर माझ्याकडे त्यांचं काहीच उरत नाही. त्यांच्याकडे तीन वर्षं सगळे शब्द होते.

तू पाठवलेलं पत्र वाचलं. कानाचं वाचून अनुष्काला उजेडात नेऊन तिचा कान बघितला. खरंच, पाळी बाहेर वळलेली आहे. मी ते पत्र घेऊन रडले, आत्या, खूप रडले. मग रडणं थांबल्यावर आठवलं. याच माणसाने जूनमध्ये तुला लिहिलं होतं की मी फोन केला, ती रडली, मीही रडलो. तेही असंच मोकळं, असंच खरं वाटणारं असणार, नाहीतर तू फसली नसतीस. मग यातलं कुठलं खरं मानू? कदाचित लिहिताना त्यांना दोन्ही खरीच वाटली असतील. मला त्यांच्यावर राग नाही. पण हे पत्र मला पुरत नाही.

इथले फादर घरी येऊन गेले. म्हणाले, वडिलांसाठी नको, स्वतःसाठी कर. बरोबर बोलले. पण वेदीपुढे उभं राहण्याचा विचार केला की मला शेजारची मोकळी जागाच दिसते, दुसरं काही दिसत नाही. इतकी वर्षं मागच्या बाकावर बसून मी देवाची वाट बघते आहे असं मला वाटत होतं. मी पप्पांची वाट बघत होते. ते आता येणार नाहीत, तर मला तिथे बसायचं कारणच सापडत नाही. तू मला यावर काही लिहिशील, आणि ते चांगलंच असेल, पण नको लिहूस.

मनोरमाआईंनी परवा विचारलं, झगा आणखी मोठा करू का? मी म्हटलं, राहू दे आई.

पप्पांचं मी सगळं करीन. त्याची काळजी करू नकोस.

ब्रिटनी


होळी, वसई
१६ मार्च २०२५

कार्मिनबाय,

तुमचं राखेच्या बुधवारचं पत्र मिळालं. नेहमीप्रमाणे बेसिलला मोठ्याने वाचून दाखवलं. तो काठी धरून आता न्हाणीपर्यंत जातो. बाकी तसाच आहे. डॉक्टर म्हणतात, हृदय मजबूत आहे, पुष्कळ वर्षं काढतील.

वालीवचा गाळा भाड्याने दिला. फादर प्लासिड दर पहिल्या शुक्रवारी कम्युनियन घेऊन येतात. पहिल्यांदा आले तेव्हा त्याच्याजवळ बसले आणि म्हणाले, “बेसिल, झालं गेलं त्याचं दुःख होत असेल तर माझा हात दाब.” त्याने इतका जोरात दाबला की फादरांच्या बोटांवर वळ उठले. तोंडाने म्हणाला, नाय. फादरांनी पापक्षमा दिली. जाताना मला म्हणाले, देवाला जीभ लागत नाही, त्याच्याकडे पोचलं. मी म्हटलं, फादर, देवाकडे पोचलंच असेल, पण विरारला पोचलं नाही.

तुम्ही दर पत्रात लिहिता की देवाने त्याला कधीच माफ केलंय. ते वाक्य आलं की तो डोळे मिटतो आणि हळूच म्हणतो, नाय. चहाला म्हणतो तसं नाही, वेगळं. आता मी ते वाक्य न वाचताच पुढे जाते. तुम्ही लिहिलं नाहीत तरी चालेल.

ब्रिटनी महिन्या दोन महिन्यांनी येते. रिकाम्या हाताने कधी येत नाही. डायपर आणते, मलम आणते. त्याची नखं कापते, दाढी करते, कानामागे पुसते, मी करते त्यापेक्षा नीट. पप्पा, हात द्या. पप्पा, मान वर. आवाज चढवत नाही. फक्त त्याच्या डोळ्यांकडे बघत नाही. काम झालं की हात धुते आणि माझ्याशी अनुष्काच्या प्लेग्रुपचं बोलते. तिच्या गळ्यातला क्रूस कधी गेला, ते मला सांगता येणार नाही. मी विचारलंही नाही.

परवा मात्र धीर केला. बेसिल खुर्चीत होता, अनुष्का त्याच्या पायाशी खेळत होती. मी म्हटलं, “ब्रिटनी, पोरीच्या बाप्तिस्म्याचं काय? मोठी व्हायला लागली.”

ती उशीचा अभ्रा घालत होती. हसली आणि म्हणाली, “बघू ग मम्मी. घाई काय आहे? मोठी झाली की तिचं ती ठरवील.” इतक्या गोड आवाजात म्हणाली की वाद घालायला मला जागाच राहिली नाही.

बेसिलने ते ऐकलं. “नाय,” म्हणाला. मग ओरडला, “नाय! नाय!” काठी उचलून जमिनीवर आपटली. खुर्चीतून पुढे झुकला, लाळ गळायला लागली, तोंड लाल झालं, डावा हात अनुष्काकडे करून, मग ब्रिटनीकडे करून, “नाय, नाय” म्हणत राहिला. सव्वा वर्षात तो शब्द पहिल्यांदाच त्याच्या स्वतःच्या मनातला होता, कार्मिनबाय. मला ते दिसत होतं.

ब्रिटनीने अनुष्काला उचलून कडेवर घेतलं. “मम्मी,” ती म्हणाली, “पप्पांना पाणी हवंय वाटतं.”

मी पाणी आणून त्याच्या तोंडाला लावलं. तो प्यायला. दुसरं काय करणार होता?

रोवेना